आधी जोत्यातले पाणी काढा, कॅफेचे नंतर पाहू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांवर 'धोकादायक इमारत' अशा पाट्या लागू लागतात. त्याच सुमारास कुठल्या तरी दुसऱ्या वाड्यात संग्रहालय, कॅफे किंवा 'सांस्कृतिक केंद्र' होणार अशी बातमीही येते. नाशिक, वाई, सातारा इथेही चित्र फार वेगळे नाही. पाडायचे की सजवायचे, हा निर्णय बहुतेक वेळा वाड्याचे एकही लाकूड टोचून न पाहता झालेला असतो. म्हणून हे पत्र.

रिकामा वाडा टिकत नाही, हे खरेच आहे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा पेशवाई गेल्यावरही लोकांच्या पायाखाली राहिला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, पुढे शाळा आली, नगरपालिका आली, टपाल कचेरी आली. १८७९ च्या आगीत बुधवार वाडा गेला तो गेलाच, विश्रामबागेचा जळालेला भाग मात्र पुन्हा उभा राहिला. पण 'वापर आला की वाडा वाचला' हे अर्धेच खरे. चुकीचा वापर रिकामेपणापेक्षा लवकर वाडा पाडतो, आणि वापर बरोबर की चूक हे ठरते वाड्याच्या तुळयांवरून. सल्लागाराच्या सादरीकरणातल्या रंगीत चित्रांना तिथे काही किंमत नाही.

सुरुवात तपासणीपासून करू. इमारतींची प्रतवारी सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ अशी होते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. या तपासणीत रिबाउंड हॅमर (आपटून उसळी मोजणारा हातोडा) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरी आरपार पाठवून पाहणे) या हमखास होणाऱ्या चाचण्या आहेत. दोन्ही काँक्रीटसाठी आहेत. सागवानी सांगाडा आणि त्यात विटा-मातीचे भराव असलेल्या भिंतीवर हॅमर मारला तर आकडा येणारच, पण त्या आकड्याला अर्थ काही नाही. वाड्यात वजन खांब, तुळया आणि हस्त (खांबाच्या माथ्याचे आधार) पेलतात. भिंत बरीचशी भराव असते आणि सांगाड्याला आडवे डुलू देत नाही. तेव्हा भिंतीला तडा दिसला म्हणून वाडा सी-१ होत नाही, आणि भिंतीला नवा गिलावा दिसला म्हणून तो धडधाकटही ठरत नाही.

लाकडाची तपासणी साधी आहे, फक्त हात काळे करावे लागतात. तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथला गिलावा वीतभर काढायचा. हातोडीने ठोकत जायचे: टणटणीत आवाज आला तर गाभा शाबूत, बद्द आवाज आला तर आत पोकळ. टोच्या अर्ध्या इंचापेक्षा सहज आत गेला तर ते लाकूड गेले असे धरावे. ओलाव्याचे मीटर फार महाग नसते. २० टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर बुरशी जगते, खाली असेल तर ती वाढत नाही. खांबाचा बुंधा तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उघडा असला पाहिजे. बहुतेक वाड्यांत पन्नास वर्षांत फरशीवर फरशी चढून तळखडा गडप झालेला असतो आणि बुंधा कोब्यात गाडला गेलेला. पहिली कुज तिथेच लागते. रंग दिलेला खांब वरून राजबिंडा दिसतो आणि खाली हाताने भुसा निघतो.

आता पाणी. वाड्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ तिथे आहे, म्हणून यावर थोडे जास्त लिहितो.

पेठांतल्या जुन्या वाड्यांचे जोते, म्हणजे भिंतीखालचा चौथरा, घडीव काळ्या दगडाचे, रस्त्यापासून दोन-तीन फूट उंच असे. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा थर चढतो, जुना थर खरवडून काढला जात नाही, आणि रस्ता वर येत राहतो. कित्येक वाड्यांना आज चढायच्या तीन पायऱ्यांऐवजी उतरायची एक पायरी आहे. जोते जमिनीत गेले की भिंतीची वीट थेट ओल्या मातीला टेकते. पाणी विटेतून वर चढते, वाळताना क्षार मागे सोडते, ते क्षार फुगतात आणि वीट पिठासारखी झडते. यालाच आपण लोणा म्हणतो.

मग कोणीतरी त्या भागावर चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा मारतो. दोन वर्षे छान दिसते. सिमेंटमधून वाफ बाहेर पडत नाही, म्हणून पाणी गिलाव्याच्या मागून आणखी वर चढते आणि लोणा आता सहा फुटांवर फुटतो, नेमका तुळईच्या टोकाच्या दिशेने सरकत. आत खाली व्हिट्रिफाइड टाइल बसवली असेल तर जमिनीची ओलही भिंतीकडेच ढकलली जाते. 'वॉटरप्रूफिंग केले तरी ओल जात नाही' ही तक्रार म्हणजे बहुधा वॉटरप्रूफिंगनेच वाढवलेली ओल.

उपाय असा. भिंतीच्या बाहेरून साधारण फूटभर रुंदीचा चर घ्यायचा, पण पायाच्या तळापेक्षा खाली कधीही नाही. सलग सगळी भिंत उघडायची नाही; सहा-आठ फुटांचा टप्पा खणायचा, भरायचा, मग एक टप्पा सोडून पुढचा. चरात खाली सच्छिद्र पाइप, शंभराला एक असा उतार, तो चेंबरपर्यंत. वर ४० आणि मग २० मिलिमीटरची खडी. चरावर फरश्या सुट्या ठेवायच्या, सांधे भरायचे नाहीत. भिंतीला प्लास्टिकचा कागद चिकटवायचा नाही. आतला सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढायचा, ब्रेकरने नाही. ब्रेकरच्या हादऱ्याने मातीच्या सांध्यातल्या विटा सुटतात. मग भिंत निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा उघडी वाळू द्यायची. सगळ्यांचा धीर सुटतो तो इथे, कारण उद्घाटनाची तारीख ठरलेली असते.

आणि हे सगळे करूनही पुढच्या वर्षी रस्त्यावर आणखी तीन इंच डांबर पडणार असेल तर पैसे पाण्यात. जुन्या पेठांत नवा थर टाकण्याआधी मिलिंग करून, म्हणजे यंत्राने खरवडून, जुना काढलाच पाहिजे. एवढी एक अट रस्त्यांच्या निविदेत सक्तीची केली तर वारशावरच्या दहा परिसंवादांपेक्षा जास्त वाडे वाचतील.

चुन्याबद्दल सध्या बरेच बोलले जाते आणि बरेच चुकते. पोत्यातला जुना चुना वापरून 'पारंपरिक काम' केल्याचे फलक लागतात. चुना हवा खाऊन मेलेला असेल तर तो घट्ट होणारच नाही. ओळखायची रीत सोपी: चिमूटभर चुन्यावर व्हिनेगर टाका, जोरात फसफसला तर तो आधीच खडू झालेला आहे. चांगली चुनकळी (न विझवलेला चुना) पाण्यात टाकली की काही मिनिटांत उकळते आणि ढेकूळ फुटते. विझवलेला चुना गाळून, वर पाण्याचा थर ठेवून निदान तीन आठवडे मुरवावा. तीन महिने मुरला तर लोण्यासारखा होतो. मग घाणीवर मळताना एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची पूड), दोन भाग वाळू हे प्रमाण आतल्या गिलाव्याला सहसा चालते. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. भट्टीत जळून काळी झालेली वीट कुटून उपयोग नाही, ती चुन्याशी बांधली जात नाही. गुळाचे पाणी आणि हिरडा जपून घालावे. गूळ जास्त झाला की मुंग्या येतात आणि गिलावा आठवडाभर ओलाच राहतो.

एक थर १० ते १२ मिलिमीटरचा, त्याहून जाड नाही. ऊन थेट लागू द्यायचे नाही, ओली गोणपाटे लावून दहा-बारा दिवस दमट ठेवायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू दगड होतो. त्याला ओल हवी, पण धो धो पाऊस नको. म्हणून हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतले. निविदा मार्चमध्ये निघते, कार्यादेश एप्रिलमध्ये आणि मुदत ९० दिवस. मग कंत्राटदार चुन्यात 'थोडे' सिमेंट घालतो, लवकर सुकावे म्हणून. ते मिश्रण ना धड चुना, ना धड सिमेंट. दोष कंत्राटदाराचा आहेच, पण त्याला ९० दिवस देणाऱ्याचा जास्त आहे.

आता वापराकडे येतो. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसे-सामानाचे वजन) धरतात. खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसलेल्या, गर्दी होऊ शकणाऱ्या सभागृहाला ५०० किलो. पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीला ६०० किलो आणि मांडणी उंच असेल तर त्याहून जास्त. वाडा राहण्यासाठी बांधलेला. त्याच्या माडीवर ग्रंथालय किंवा प्रदर्शन-उद्घाटनाची गर्दी म्हणजे तुळईला चल भाराचे अडीच-तीन पट ओझे. तिथे घर, छोटी कचेरी, मोजक्या विद्यार्थ्यांची अभ्यासिका, गायनाचा वर्ग, चार खोल्यांचे निवास चालते. गर्दीचे, पुस्तकांचे, दप्तराचे जे काही असेल ते तळमजल्यावर. एवढा साधा भाग विसरून 'वर दालन, खाली तिकीटघर' असे आराखडे येतात तेव्हा कागद बनवणाऱ्याने जिना चढून पाहिला नाही हे कळते.

पण वाड्यात ताकद सापडतेही, फक्त ती शोधावी लागते. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर टाकलेल्या, फळ्यांवर मूळ चार-सहा इंच मातीचा थर असतो. त्यावर कोणी शहाबादी बसवली, त्यावर कोणी मोझेक, त्यावर कोणी सिरॅमिक. मसाल्यासह फरशीचा प्रत्येक जादा इंच चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास वजन टाकतो. दोन जादा इंच काढले की शंभर किलो मोकळे होतात, म्हणजे राहत्या घराच्या चल भाराच्या निम्मे. नवीन लोखंड न घालता. याउलट 'मजबुतीसाठी' कडीपाट काढून साडेचार इंची स्लॅब टाकला तर एकट्या स्लॅबचेच चौरस मीटरला पावणेतीनशे किलोच्या पुढे वजन, आणि ते जाते त्याच जुन्या भिंतींवर ज्या मुळात वजन घ्यायला बांधलेल्याच नव्हत्या. गच्चीत कोपऱ्यात ठेवलेली हजार लिटरची काळी टाकी म्हणजे दोन-तीन कड्यांवर एक टन. टाकी परसात, स्वतःच्या पायावरच्या स्वतंत्र लोखंडी मनोऱ्यावर हवी.

कुजलेल्या तुळईचे टोक बदलायचे तर अख्खी तुळई काढायची गरज नसते. खराब भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट, आणि बोल्ट स्टेनलेस. साधे लोखंड ओल्या लाकडात गंजते आणि फुगून सांधाच फाडते. आधी खाली टेकू द्यायचे, तेही थेट जमिनीपर्यंत. मधल्या मजल्याच्या फळ्यांवर टेकलेला टेकू म्हणजे एका मजल्याचे दुखणे दुसऱ्याला. जॅकने उचलताना दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पुरे. दीडशे वर्षांत आलेला झोल पूर्ण सरळ करायचा हट्ट धरू नये, लाकूड त्या आकाराला बसलेले असते. ओढून सरळ केले की दुसरीकडचे सांध्यातले कुसू (खाचेत बसवलेले टोक) उखडते. डोळ्याला बाक दिसला तरी चालतो.

आगीचे भय खरे आहे, पण त्याचे निदान बहुधा उलटे होते. जाड सागवान मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर या वेगाने कोळसा होत आत जाते. आठ इंची तुळई अर्धा तास सहज उभी राहते, तेवढ्यात उघडे लोखंड तापून वाकलेले असते. आग पसरवतात त्या पातळ फळ्या, नंतर लावलेली प्लायची छते आणि त्यांच्या पोकळीतून फिरवलेल्या जुन्या वायरी. नव्या वापरात वायरिंग सगळे उघड्या धातूच्या नळीतून, प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी (जादा प्रवाह आला की बंद पडणारा खटका), वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका). माडीवर जाणारा मूळ जिना भिंतीच्या जाडीतला, दोन फुटी. तो सुटकेचा मार्ग होऊ शकत नाही. परसातून स्वतःच्या पायावर उभा, वाड्याला न बांधलेला लोखंडी जिना द्यावा लागतो. देता येत नसेल तर माडीवर लोकांची संख्या बांधून द्यावी. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला १४ जीव गेले. गिरणीच्या जागेत गच्चीवर उपाहारगृहे थाटली गेली होती. नवा वापर आला आणि सुटकेचा विचार आला नाही, तर काय होते ते मुंबईने पाहिले आहे.

कॅफेला माझा विरोध नाही, पण स्वयंपाकघर लाकडी छताखाली नको. तळणाची तेलकट वाफ कडीपाटाला बसते आणि पुढे ती वातच बनते. स्वयंपाक परसातल्या वेगळ्या बांधकामात, जेवण ओसरीवर आणि चौकात. संडास-मोरीही तिथेच, माडीवर शौचालय दिले की पहिल्या गळतीला खालची तुळई जाते, आणि गळती होणारच. नळ भिंतीत गाडू नयेत, उघडे ठेवावेत. कुरूप दिसतात, पण गळले तर दिसतात.

पैशाकडे येतो, कारण वाड्याचा नवा वापर टिकण्याचा प्रश्न शेवटी तिथेच अडतो. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चे. २००३ मध्ये मुंबई महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक (वारसा जतन करणारी संस्था) यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, दुरुस्तीला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. तिथे घेण्यासारखे म्हणजे इमारत ज्यासाठी बांधली तोच वापर राहिला, आणि नंतर ती कोण चालवणार हे आधी ठरले. १९९३ मध्ये बंद झालेले मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा नाट्यगृह म्हणूनच उघडले. आपल्याकडे वाड्यांचे याच्या उलट होते. दुरुस्तीला निधी मिळतो, फीत कापली जाते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पन्हाळीतला पिंपळ काढायला कोणाच्याही अंदाजपत्रकात शंभर रुपये नसतात.

पालिकेच्या मालकीच्या वाड्यात येणारे भाडे सामान्य निधीत जाऊन गडप होते. ते त्याच वाड्याच्या स्वतंत्र खात्यात जावे, आणि दुरुस्तीच्या खर्चाच्या निदान दोन टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला बाजूला काढली जावी. भाडेकरार ११ महिन्यांचा ठेवला तर भाडेकरू चुन्यावर खर्च करणार नाही, वरून ऑइलपेंट मारून निघून जाईल. नऊ-दहा वर्षांचा करार, मधे दर तीन वर्षांनी तपासणी, आणि भिंतीला खिळा ठोकण्यापासून एसी लावण्यापर्यंत काय चालेल याची मराठीतली चार पानी यादी करारालाच जोडलेली, असे हवे.

खासगी वाड्यांचे दुखणे वेगळे. मिळकतपत्रिकेवर वीस-पंचवीस वारस, निम्मे परगावी, भाडेकरूंचे भाडे महिन्याला दोन आकडी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्ती मालकावर टाकली आहे, पण त्या भाड्यात कौले शाकारायला माणूससुद्धा येत नाही. मालकाला वाडा पडण्यातच फायदा दिसतो, हे उघड बोलले पाहिजे. वारसा-इमारतींसाठी टीडीआर (इथे न वापरलेले बांधकाम-क्षेत्र दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क) देण्याची तरतूद १९९५ च्या मुंबई नियमावलीपासून आपल्याकडे आहे. माझे म्हणणे इतकेच, की तो एकरकमी हातात देऊ नये. पाणी निघाले, सांगाडा दुरुस्त झाला, छत झाले, अशा टप्प्यांना बांधून द्यावा आणि शेवटचा हप्ता दोन पावसाळे कोरडे गेल्यावर.

निविदेबाबत एक शेवटची सूचना. तपासणी आणि काम या दोन वेगळ्या निविदा कराव्यात. गिलावा काढल्याशिवाय आत किती लाकूड गेले आहे ते कोणालाच कळत नाही. तरी सगळ्याची एकच ठोक रक्कम मागितली की सर्वांत कमी दर भरणारा तो असतो ज्याने लाकूड मोजलेच नाही. मग 'जादा बाब' निघते, ती मंजूर होईपर्यंत वाडा ताडपत्रीखाली, आणि ताडपत्री पहिल्या वळवाच्या वादळात उडते. लपलेल्या लाकडासाठी अंदाजाच्या २० ते २५ टक्के तरतूद आधीच ठेवावी, घनफुटाच्या दराने, प्रत्यक्ष मोजून देण्याची.

यंदाच्या पावसाला अजून वेळ आहे. ज्या वाड्यांची मोठी दुरुस्ती होणार नाही, त्यांच्यासाठी निदान मे अखेरपर्यंत कौलांची शाकारणी, पन्हाळी साफ करणे, भिंतीतले उंबर-पिंपळ मुळासकट न ओढता बुंध्याशी कापून मुळे जाग्यावर मारणे, आणि रस्त्याकडचे पाणी उंबऱ्याबाहेर वळवायला एक बांध घालणे, एवढे वॉर्ड कार्यालयांनी पाट्या ठोकण्याआधी करून घ्यावे.

आपला,
जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम करणारा एक अभियंता,
सदाशिव पेठ, पुणे